डाळिंबी जमिनीवर हिरवी अक्षरं

आमच्या घरात माझं मत कोणी विचारत नाही, आणि एकदा विचारलं तेव्हा पोरीची नोकरी गेली.

माझी प्रणाली रामदासपेठेतल्या एका ऑफिसात तात्पुरती लागली होती. साहेबांसमोर कामाची माहिती भिंतीवर मोठी करून दाखवायची. पटली तर कायम, नाही तर घरी. तिने पांढऱ्यावर काळी अक्षरं काढली होती. मला कसंसंच झालं. शुभ कामाला हे रंग? (तेराव्याचं पत्र असं असतं.) पण मी गप्प होते. मी गप्पच असते.

तिनेच विचारलं, "आई, पाय वं. कसं दिसून राहिलं?"

माग विकला तरी विणकराच्या घरातली नजर जात नाही. मी म्हटलं, मागे डाळिंबी जमीन घे, वर गर्द हिरवी अक्षरं. धूपछांव लुगड्यात हेच दोन धागे असतात. हलवलं की रंग उजळतो.

तिला शंका आली. मग आम्ही घरच्या रीतीने पारख केली. लॅपटॉप दारात उजेडाला नेला आणि कापडासारखा तिरपा केला. खरंच, अक्षरं हिरवीगार उठली! आमचे हे कळमन्याच्या बाजारातून नुकतेच आले होते. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "आता जमलं. लुगडंच दिसते!" आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली ती चपला न काढताच बसली. भिंतीवर म्हणे नुसता डाळिंबी चौकोन उमटला. साहेबांनी पडदे ओढायला लावले, दिवे घालवले, चष्मा पुसला. एका मॅडमने मान खांद्याला टेकवून पाहिलं, त्यांना तेवढे दोन शब्द वाचता आले. शेवटी साहेबांनी विचारलं, सुरू कधी करता? तेव्हा तिचं संपत आलं होतं.

"मंग?" यांनी विचारलं.

"मंग काय, बाबा. भिंत तिरपी करता येत नाही."

त्या दिवशी पोळ्या टोपल्यातच राहिल्या.

आता दुसरीकडे मुलाखत आहे. काल तिने पुन्हा लॅपटॉप माझ्यापुढे धरला. पांढऱ्यावर काळं, अगदी तेराव्याच्या पत्रासारखं स्वच्छ. तिने विचारलं याचंच मला भरून आलं. मी "छान" म्हटलं. तिथेच थांबायचं होतं. पण तोंडून निघून गेलं, "खाली बारीकसा काठ टाकून पाय नं."

तिने लॅपटॉप हळूच मिटला आणि शेजारणीला दाखवायला नेला. त्या बाईच्या घरी कधी माग नव्हता.