मोरे सरांच्या कोडमधले तीनशे इशारे

दुसऱ्याच्या कामात खोट शोधणं हीच ज्यांची नोकरी, त्यांच्याकडे किस्से आपोआप साठतात. कारण तिथे दिवसभर कोणीच कोणाचं ऐकून घेत नाही, दाखवा म्हणतात!

बोईसरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. बर्फाच्या कारखान्यांना लागणारे कंट्रोल पॅनल आम्ही बनवतो. कॉम्प्रेसर कधी चालू करायचा, कधी थांबवायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम त्या पॅनलमध्ये असतो. तो सी भाषेतला, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ आमच्या मोरे सरांनी लिहिलेली. सर मूळचे साताऱ्याकडचे, आता पक्के पालघरकर. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली की या प्रोग्रॅममध्ये कोणी घुसू शकेल किंवा तो बिघडवू शकेल अशा कच्च्या जागा आधी शोधा, मगच माल घेऊ. हे काम आलं माझ्याकडे आणि शिरगावच्या जागृतीकडे.

जागृतीबद्दल एकच सांगते. तिला कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं, तरी ती आधी घड्याळ बघते.

*

कोड तपासायला एक स्कॅनर मिळतो. तो प्रोग्रॅमच, पण दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचून कच्च्या जागी इशारा देणारा. पहिल्याच दिवशी त्याने सरांच्या कोडमध्ये तीनशेच्या वर इशारे काढले.

सर लालबुंद! "कालचं आलेलं सॉफ्टवेअर मला शिकवणार? आधी त्याचाच कोड स्कॅन करा!"

ते रागात बोलले होते. पण जागृतीने मान डोलवली आणि खरंच केलं. स्कॅनरचा कोड नेटवर सगळ्यांसाठी खुला होता. तिने तो उतरवून घेतला आणि स्कॅनरलाच वाचायला दिला. त्याने स्वतःमध्येही एकवीस इशारे काढले!

सरांना कोण आनंद झाला. ते पान प्रिंट करून त्यांनी भिंतीवर चिकटवलं.

जागृती शांतपणे म्हणाली, "सर, जो स्वतःच्या चुका सांगतो, तो खरंच बोलत असणार. आता आपल्या तीनशेचं बघायचं का?"

*

माझं घर इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचं. आई मासे सुकवते, विकते. एकदा तिने विचारलं, "नीलू, तू नक्की करतस काय तिथं?"

मी म्हटलं, "समज, तुझ्या पाटीत दहा पापलेटं मावतात. कोणी न बघता पंधरा ओतली, तर?"

"तर पाच खाली पडतील. मांजर खाईल."

"कॉम्प्युटरमध्ये ती पाच खाली पडत नाहीत. शेजारच्या पाटीत जाऊन पडतात, आणि तिथलं बिघडवतात. असं कुठे होतंय ते मी शोधते."

आई माझ्याकडे संशयाने बघत राहिली. "आनी वतणाऱ्याला आदी मोजाया काय झालं?"

माझा दहा पानी रिपोर्ट एवढंच सांगत होता!

*

एका सोमवारी चमत्कार झाला. तीनशे इशाऱ्यांचे एकदम चाळीस झाले. सरांनी सगळ्यांसाठी वडापाव मागवला.

जागृतीने वडापावला हात लावला नाही. "शुक्रवारी तीनशे, सोमवारी चाळीस? रविवारी कोणी कामावर आलं होतं?"

मग शोध सुरू झाला. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये एक ओळ सापडली. सगळ्यात जुनं फोल्डर तपासूच नको, असं त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं. कोणी? मी सरांकडे बघितलं. सरांनी जागृतीकडे. मी तर सरळ बोलूनही टाकलं, "हे ज्याने केलं, त्याला लाज वाटायला हवी!"

असे बदल कोणी केले याची नोंद राहते. जागृतीने ती उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

नाव माझंच होतं. शुक्रवारी घाईत एक चाचणी घेताना ते फोल्डर मी तात्पुरतं वगळलं होतं, आणि तसंच विसरून घरी गेले होते.

माझा वडापावसुद्धा त्या दिवशी जागृतीने खाल्ला.

*

स्कॅनरने कोडमध्ये लिहिलेला एक पासवर्ड पकडला. सगळ्या पॅनलना तोच! सर अडून बसले. "तो फक्त मला माहीत आहे. आजवर कोणाला सांगितलेला नाही."

तेवढ्यात वायरिंग करणारे दुबेजी सही घ्यायला आत आले. स्क्रीन बघून म्हणाले, "अरे, ये तो अपना दरवाज़ेवाला नंबर है!"

"कुठला दरवाजा?"

"साहब, पैनल का दरवाज़ा. अंदर की तरफ़ मार्कर से लिखता हूँ ना, हर पैनल में. आप ही बोले थे, लोग भूल जाते हैं."

*

शेवटचा दुरुस्त झालेला इशारा दांडीजवळच्या एका बर्फ कारखान्यातल्या पॅनलचा. त्या जुन्या मॉडेलमध्ये ऑपरेटरचं नाव घालायची सोय होती. नावाला जागा सोळा अक्षरांची, आणि मेमरीत त्याच्या लगेच शेजारी, बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूच्या दाबाची मर्यादा. नाव लांबलं तर ते मर्यादेवर सांडणार. मग दाब कितीही चढला, तरी कॉम्प्रेसर थांबेलच असं नाही.

सर म्हणाले, "दहा वर्षं चाललंय ते पॅनल. काही झालं का? एवढं मोठं नाव घालतंय कोण!"

मला मात्र झोप लागेना. माझा काका होडीसाठी बर्फ तिथूनच भरतो. शेवटी मी, जागृती आणि सर, तिघंही नवा प्रोग्रॅम घेऊन गेलो.

ऑपरेटर जगन्नाथ तामोरे, साठीला आलेले. पॅनलवर नाव होतं नुसतं 'जगू'. आम्ही नवा प्रोग्रॅम भरला. जागृती म्हणाली, "आता मुद्दाम लांब नाव घालू, आणि दाबाची मर्यादा खाली आणून मशीन थांबतंय का बघू."

ती तामोऱ्यांचंच पूर्ण नाव टाकायला लागली. वडिलांच्या नावापर्यंत पोचली, तसे तामोरे भिंतीकडे गेले आणि मेन स्विचवर हात ठेवून उभे राहिले.

सोळा अक्षरांनंतर पॅनलने बीप दिला आणि पुढचं घेतलंच नाही. दाबाचा काटा हळूहळू वर गेला. मर्यादेला टेकला आणि कॉम्प्रेसर आपोआप थांबला. तामोऱ्यांनी हात खाली घेतला.

सरांनी विचारलं, "तामोरे, तुम्हाला कशी शंका आली? आमच्या स्कॅनरला आत्ता कळलं."

"शंका कसली, सायेब? पयल्याच वरसी पुरा नाव घातलेला. काटा लाल रेघेच्या पार गेला, मशीन थांबं नाय. मीच मेन पाडला. तवाच तुमाला फोन केलता ना!"

"मला? मग मी काय म्हणालो?"

"तुमी बोललात, 'जगू, नाव लान कर.'"