धाकटीच्या दोन लाइनी

धाकटी जाऊ आपल्याच कंपनीत नोकरीला लागली, त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. घरी सासूबाई धाकटीच्या कौतुकाचे पूल बांधत होत्याच, आता ऑफिसातही तेच ऐकायचं!

कंपनी लिफ्टदुरुस्तीची. शहरात कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतल्या पाटीवरचा नंबर लावायचं, आणि फोन इथे वाजायचा. सगळे फोन एका सर्व्हरवर चालत. तो सर्व्हर थोरलीनं बसवलेला, तिनंच पोटच्या पोरासारखा जपलेला. ऑफिसात तिला फोनताईच म्हणत. पण मध्यंतरी बाहेरून येणारी लाइन गेली, सकाळभर एक फोन वाजला नाही, आणि एक आजारी गृहस्थ लिफ्टमध्ये घामाघूम होऊन बसून राहिले. हे पुन्हा होता कामा नये, असं मालकांनी ठरवलं. काम मात्र दिलं धाकटीला.

"तुम्ही आहातच की तिच्या मदतीला," मालक म्हणाले.

ते 'मदतीला' थोरलीला मिरचीसारखं झोंबलं. दोघी एकाच तंत्रनिकेतनात शिकलेल्या, एकाच विषयात. मग मदतीला म्हणजे काय?

धाकटीनं आराखडा काढला. सर्व्हरपासून दोन केबली, त्या दोन वेगळ्या नेटवर्क-स्विचना, म्हणजे केबली जोडायच्या डब्यांना. पुढे दोन राउटर, आणि बाहेर दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी. काहीही एक बंद पडलं तरी फोन दुसऱ्या वाटेनं चालू राहणार. थोरलीनं कागद उलटासुलटा करून पाहिला. खोट सापडेना. आराखडा चांगला होता, आणि तेच तर तिचं दुखणं होतं.

चाचणीच्या दिवशी केबली उपटायचं काम तिनं मागून घेतलं. मालक मोबाइलवरून ऑफिसच्या नंबरावर बोलत उभे. थोरलीनं एक केबल ओढली. मालक बोलतच राहिले. तिनं अख्ख्या स्विचची वीज काढली. तरी बोलतच राहिले! शेवटी तिनं राउटरमधून बाहेरची लाइन उपटली. फोन कट झाला, तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या; पण मालकांनी पुन्हा नंबर लावताच दुसऱ्या लाइनवरून घंटी वाजली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. थोरलीनंही पिटल्या. न पिटून करते काय?

जेवायच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती सर्व्हरच्या खोलीत गेली. दोन्ही लाइनींच्या मागे मागे निघाली. भिंतीतून जिन्यात, जिन्यातून मागच्या अंगणात. तिथे जमिनीवरचं लोखंडी झाकण उचललं आणि तिला हसूच फुटलं. कंपन्या दोन, पण दोन्ही केबली एकाच पाइपातून रस्त्याखाली शिरत होत्या. कुदळीचा एक घाव, की दोन्ही गारद.

ही गोष्ट तिनं धाकटीला एकटीला गाठून सांगितली नाही. भरल्या बैठकीत, मालकांसमोर सांगितली. अगदी गोड आवाजात.

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. कान लाल झाले. मग ती हळूच म्हणाली, "ताई म्हणतात ते बरोबर आहे. मी नुसत्या कंपन्या वेगळ्या पाहिल्या. केबली जातात कुठून, ते पाहिलंच नाही."

तिनं सबबी सांगितल्या असत्या तर थोरलीला गोड लागलं असतं. तेवढंही सुख मिळालं नाही.

थोरलीच्याच सांगण्यावरून दुसरी लाइन बिनतारी घेतली, गच्चीवर अँटेना बसवून. पुढे पावसाळी गटाराचं काम निघालं, यंत्रानं रस्ता उकरला आणि पाइप केबलीसकट फाडला. त्याच वेळी एक बाई तान्ह्या बाळासह लिफ्टमध्ये अडकली होती. तिचा फोन मध्येच कट झाला. तिनं पुन्हा लावला, तो गच्चीवरच्या लाइननं आला, आणि कारागीर तिच्याकडे पोचले.

मालक धावत आले ते धाकटीकडे. "वा! काय डोकं लावलंस!"

"गच्चीवरची लाइन ताईंची आहे," धाकटी म्हणाली.

"बघा," मालक सगळ्यांना म्हणाले, "किती मोठं मन आहे!"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझ्या कामाचंही कौतुक हिचंच!

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या. थोरली भांडी आदळत होती. न राहवून तिनं विचारलं, "मी तो पाइप कशाला शोधला, कळलंय ना तुला?"

"कळलंय की. मला तोंडघशी पाडायला."

थोरलीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आणि तरी माझं नाव सांगितलंस?"

"रडले होते त्या दिवशी. बाथरूममध्ये जाऊन," धाकटी म्हणाली. "पण केबलीच्या मागे रस्त्यापर्यंत तुमच्याशिवाय कोण जातं हो? कंपनीच्या नवीन शाखेचा आराखडा मालकांनी मला करायला सांगितलाय. मी म्हटलं, ताई बरोबरीनं असतील तरच करीन. मदतीला नाही, बरोबरीनं."

थोरलीनं पातेलं उचलून फळीवर ठेवलं. आत कुठेतरी बरं वाटलं, आणि हे बोलायचं मोठेपण पुन्हा हिनंच पटकावलं म्हणून जळलंही.

"तुझ्या एकेका केबलीचा पिच्छा पुरवीन," ती म्हणाली.

"पुरवा."

नव्या शाखेत आराखड्याची शाई वाळायच्या आत थोरली एकटीच जाऊन आली. जिने चढली, गच्ची पाहिली, अंगणातली सगळी झाकणं उचलली. एकही चूक सापडली नाही. घरी आली ती तोंड फुगवूनच.