क्रेडिट्स मंजूर झाले आणि लेक रडत बसली

मैत्रिणींनो, घरात कुणाला विचारता येत नाही, म्हणून इथेच विचारते.

माझ्या रियाने शाळेत असतानाच कॉलेजचे केमिस्ट्रीचे कोर्स केले होते. त्या कोर्सचे क्रेडिट्स, म्हणजे ते पूर्ण केल्याचे गुण, इथे आखातातल्या फार्मसी कॉलेजात ट्रान्सफर होतील की नाही, या धास्तीने महिनाभर धड झोप नव्हती.

आज ईमेल आला. सगळे मंजूर! पहिल्या वर्षाची केमिस्ट्री माफ. मी हॉस्पिटलमधूनच वसईला घरी फोन करून सगळ्यांना सांगितलं.

ड्यूटी संपवून मुंतझा भागातल्या आमच्या घरी आले, तर रिया दार लावून रडतेय.

"मम्मा, आय डोन्ट नो एनी ऑफ इट. पाठ करून पेपर दिले मी. आता डायरेक्ट पुढच्या वर्गात बसवतील. प्लीज, डॅडाला नको सांगू."

मी नर्स आहे हो. औषधाचा डोस चुकला की काय होतं, ते डोळ्यांनी पाहिलंय. पण नवऱ्याच्या इथल्या नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट संपून परत जावं लागायच्या आत डिग्री व्हावी, म्हणूनच हा सगळा खटाटोप होता.

मंजूर झालेले क्रेडिट्स नको म्हणता येतात का? कुणी तसं केलंय का? लवकर सांगा. नवरा केक घेऊन निघालाय, आणि रिया माझा हात सोडत नाहीये.