चौकटबाई आणि दोन मल्लप्पा

चौकटबाई कधी नुसतं 'हो' म्हणायची नाही. चहा टाकू का विचारलं तर 'अर्धा कप, साखर कमी' म्हणायची. रिक्षावाल्यानं 'बसणार का, ताई?' म्हटलं तर 'सात रस्त्यापर्यंत' असं सांगून मगच बसायची. 'नुसत्या हो-ला काही अर्थ नसतो, अज्जी. कशाला हो, ते त्यातच यायला पाहिजे की,' हे तिचं ठरलेलं वाक्य. मला ते आगाऊपणाचं वाटायचं.

जुळे सोलापुरात आमच्या वरच्या खोल्यांत ती भाड्यानं राहायची. मूळची दुधनीची. घरी तूर-हरभऱ्याचं दुकान, बोलण्यात मध्येच कानडी. खोलीत बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायची. काय काम, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मग तिनं सांगितलं. एखादी फाईल उचलून दुसरीकडे ठेवायला गेलं आणि तिथं त्याच नावाची फाईल आधीच असली, की कॉम्प्युटर अडतो. एक चौकट दाखवून माणसाला विचारतो, आता काय करू? ती चौकट बनवणं हे हिचं काम. एवढ्याशा चौकटीला पगार देतात, याचं मला हसू आलं. गल्लीत तिचं हे नाव मीच पाडलं.

चौकट ती आधी कागदावर काढायची आणि खाली येऊन माझ्यापुढं धरायची. माझी शाळा चौथीपर्यंत. मला समजलं की सगळ्यांना समजलं, असा तिचा हिशोब. पहिल्या कागदावर होतं, 'विद्यमान फाईल अधिलिखित करायची आहे का? हो. नाही.'

'काय कळलं, अज्जी?'

'डोंबल कळलं. कुणी लिवलंय हे, तलाठ्यानं?'

'आमच्या साहेबांनी,' म्हणून ती हसली आणि कागद टराटरा फाडला.

एकदा मी शेंगदाण्याची चटणी कुटून डब्यात भरायला घेतली होती. डब्याच्या तळाला आधीची थोडी होती. ती म्हणाली, 'आता नवी तिच्यावरच ओतणार?'

'ओतीन कशाला? आदी जुनी हुंगून बघीन. चांगली असली तर दुसऱ्या डब्यात काढीन.'

'तेच की, अज्जी! दोन्ही डबे उघडून समोर ठेवायचे, मग विचारायचं.'

पुढच्या कागदावर खरंच दोन चित्रं शेजारी शेजारी होती, जुनी फाईल आणि नवी फाईल. कुठली कधीची, कुठली केवढी, ते खाली लिहिलेलं. त्याखाली तीन बटणं. 'जुनी ठेवा', 'नवी ठेवा', 'दोन्ही ठेवा'. शेवटचं सगळ्यात मोठं. ते असं फुगलेलं का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, 'माणूस चौकट वाचत नाही, अज्जी. तो तिला नुसता घालवतो. घाईत बोट पडलंच, तर ह्याच्यावर पडावं.'

तिच्या फोनवर तिच्या वडिलांचा एक व्हिडिओ होता, तो तिनं मला दाखवला होता. मल्लप्पा त्यांचं नाव. दुकानात तुरीच्या पोत्याला टेकून बसलेले, आधी 'चालू झालं का गं?' म्हणून खेकसले, मग तूर कशी पारखायची ते सांगत राहिले. शेवटी पोत्यावर थाप मारून लेकीला म्हणाले, 'ऊटा आतेनु?' म्हणजे जेवलीस का. एवढंच. फाईलला नाव काय द्यायचं, तेही त्यांनीच सांगितलं होतं. 'अप्पा घरोघरी असतात. मल्लप्पा लिही.'

पुढं वडील गेले. अव्वाला, म्हणजे आईला, त्यांचा आवाज ऐकता यावा म्हणून तिनं तो व्हिडिओ दुधनीच्या घरातल्या कॉम्प्युटरवर ठेवला होता. नंतर तिचा फोन बिघडला, तरी ती निश्चिंत होती. घरी आहे की, म्हणायची.

वर्षभरात तिच्या अण्णाला, म्हणजे थोरल्या भावाला, मुलगा झाला. त्यांच्यात गेलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. पाळण्यात मल्लप्पा नाव ठेवलं, अण्णानं त्याचा व्हिडिओ काढला, वर नाव घातलं मल्लप्पा आणि घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायला गेला. कॉम्प्युटर जुनाट. त्यानं आपली तलाठ्याची चौकट दाखवली. घरात पाहुणे, पोर रडतंय. अण्णानं 'हो' दाबलं.

बारशाहून ती परत आली तेव्हा मी विचारलं, 'चहा टाकू का?'

'हो,' म्हणाली.

मी भांडं खाली ठेवलं. मग तिनं सगळं सांगितलं. पुसली गेलेली जुनी फाईल परत मिळवायला येतानाच सोलापुरातली दोन-तीन दुकानं हिंडून झाली होती. मिळाली नव्हती.

'तुझ्याच घरात तुझी चौकट न्हवती व्हय? आणि दुसरीकडं कुटं ठिवायचं सुचलं न्हाय?' मी बोलले. मला गोड बोलता येत नाही.

'नाही सुचलं.'

'अण्णाला काय म्हणलीस?'

'त्याला काय म्हणू? आपलं लेकरू ठेवू का विचारल्यावर कोण नाही म्हणेल, अज्जी?'

त्यानंतर तिनं मला कागद दाखवले नाहीत. काम चालू होतं, पण वरच. थोड्या दिवसांनी कंपनीनं तिला पुण्याला बोलावलं. सामान टेम्पोत चढवताना तिनं तीन बटणांचा तो कागद माझ्या हातात दिला. मी तो डब्यांच्या फळीवर पसरलाय. त्यावर तेल सांडलंय.

अजून तिचा फोन येतो. तो व्हिडिओ तिनं आणि मीच नीट बघितलेला. अण्णानं तो कधी पुरता बघितलाच नव्हता. अव्वाला डोळ्यांनी दिसत नव्हतं, ती नुसता आवाज ऐकायची. म्हणून मला विचारते, 'अज्जी, अप्पा कसे बोलले होते, सांगा की.' मी जेवढं आठवतं तेवढं सांगते. पदरचं घालत नाही.

मागच्या खेपेला मी म्हटलं, पोत्यावर थाप मारली आणि मग जेवलीस का विचारलं. ती म्हणाली, 'नाही अज्जी, आधी विचारलं, मग थाप मारली.' मी म्हटलं, मला चांगलं आठवतंय. ती म्हणाली, मलाही. मी ऐकणारी नव्हे, तीही नव्हे.

मग म्हणाली, 'असू दे. दोन्ही ठेवू.'

मी बरं म्हटलं. कुठं ठेवणार, ते विचारलं नाही.