मुठीतली टोपी

आठ वर्षांत ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. भावाला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. एकदा उसाच्या रानात एकटाच होतो, तेव्हा नुसती मोठ्याने बोलून तरी बघावी म्हटलं – तेही जमलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कधी आमच्या गाडीत बसलात तर एक गोष्ट लगेच तुमच्या लक्षात येईल. माझी बायको शैला गाडीत बसली की दोन्ही हात मांडीखाली घेते. थंडीत शाळेतली पोरं बाकावर बसतात ना, तशी. आमच्या गावापासून श्रीरामपूर पंचवीस मिनिटांवर, तर पंचवीस मिनिटं ती तशीच बसते. नवखा माणूस विचारतो, वहिनी, हात दुखतात का? ती हसून म्हणते, "नाही हो, माझ्या हातांना वाईट खोड आहे." आणि मी गिअर बदलतो. दुसरं काय करणार?

खोड तिच्या हातांना नाही. पण थांबा – असं एकदम नको. आधी मी कोण ते सांगतो.

मी ऊसवाला माणूस. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून ट्रॅक्टर चालवतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर रिव्हर्स घेणं फार थोड्यांना जमतं. आमच्या शिवारात कुणाची ट्रॉली चिखलात रुतली की अजूनही मलाच फोन येतो. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं – शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. शैला शिक्षिका. तिच्याकडे पुस्तकं होती, अक्षर होतं, चारचौघांत उभं राहून बोलायची धमक होती. माझ्याकडे स्टिअरिंग होतं. कळतंय ना, मी काय म्हणतोय?

आणि कोकणात गेलो त्याच्या आदल्या वर्षी शैला गाडी शिकली. महिन्याभरात शाळेत स्वतः गाडी घेऊन जायला लागली. चांगली चालवायची – माझ्यापेक्षा चांगली, हे आज कबूल करतो. तेव्हा मी चेष्टा करायचो. माझा थोरला भाऊ पारावर बसून सगळ्यांसमोर म्हणाला, "आता काय बाबा, शैला तुला शेतावर सोडाय येनार आन् घ्यायबी येनार. लई मजा हाय तुजी!" सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसू मला आतून टोचत राहिलं, आणि ते मी कुणाला दिसू दिलं नाही.

मे महिन्यात, ऊस तुटून गेल्यावर, आम्ही तिघं कोकणात गेलो. मी, शैला आणि आमची रूथ – तेव्हा दहा वर्षांची. समुद्र तिघांनीही पहिल्यांदाच पाहिला. सुरूच्या बनापाशी वाळूवर चालवायच्या इंजिनाच्या बगी उभ्या होत्या. तुम्ही पाहिल्या असतील – मोठाली चाकं, वर लोखंडी पाइपांचा सांगाडा, दारं नाहीत, काच नाही. रूथने हट्ट धरला.

बगीवाले काका पन्नाशीचे, शांत. त्यांनी विचारलं, कोण चालवणार? शैला पटकन म्हणाली, "मी चालवू?" तिचे डोळे कसे चमकले होते ते मला आजही आठवतं. मी म्हणालो, "वाळूत तुझं काम नाही." आणि चढून बसलो.

काकांनी मला समजावलं. "दादा, हिला क्लच नाही. डावा पाय बाजूला ठेवायचा, विसरायचाच तो. रेस पण उजव्या पायाने, ब्रेक पण उजव्या पायाने. आणि त्या लाल झेंड्यापासून परत वळायचं, पुढे ओहोळ आहे." मी म्हणालो, "काका, जन्म गेला आमचा ट्रॅक्टरवर." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. गिऱ्हाईक म्हणजे देव, देवाला कोण शिकवणार?

त्यांनी तिघांना हेल्मेट दिली. माझ्या डोक्यावर टोपी होती – साखर कारखान्याने सभासदांना वाटलेली, निळी. ती काढून मी शैलाकडे दिली. म्हणालो, "धर गं, वाऱ्याने उडेल." ती माझ्या शेजारी बसली, रूथ मागे. पट्टे बांधले. टोपी शैलाने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

ही टोपी लक्षात ठेवा.

पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. रूथ खिदळत होती. तिसऱ्या फेरीला मी झेंड्यापाशी वळलो नाही. का? पुढे जा असं कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, जरा दाखवावं. कुणाला, तेही ठाऊक नाही – तिथे आम्ही तिघंच तर होतो. झेंड्यापुढे वाळू एकदम खाली उतरत होती आणि ओहोळाचं पाणी चकाकत होतं. मी स्टिअरिंग फिरवलं.

ट्रॅक्टरचा क्लच ज्याने दाबला त्यालाच कळतो. अख्खं अंग डाव्या पायावर द्यावं लागतं. अडचण दिसली की ट्रॅक्टरवाल्याचा डावा पाय आधी जातो, डोकं मागाहून. माझा पाय गेला. पूर्ण ताकदीने, क्लच दाबायला. क्लच नव्हताच तिथे. पायाखाली ब्रेक आला. चाकं जागीच जाम झाली, पुढचं चाक वाळूत रुतलं आणि बगी उजव्या कुशीवर उलटली.

झालं ते एवढंच. दीड-दोन सेकंदांचं काम.

शैला पट्ट्यात लोंबकळत होती, डोळे मिटलेले. डोकं पाइपवर आपटलं होतं. रूथने घाबरून पाइपला धरायला हात बाहेर काढला असावा. तिचा उजवा कोपर त्या पाइपाखाली आला होता. तिची किंकाळी मी सांगत नाही. ती माझ्यापाशीच राहू द्या.

दवाखान्यात शैलाला सुई लावायची होती. नर्सने तिची मूठ उघडायला घेतली, तर ती उघडेना. दोन्ही मुठी घट्ट. नर्सने एकेक बोट सोडवलं, आणि आतून माझी टोपी निघाली. चुरगळलेली, वाळूने भरलेली. नर्सने ती माझ्या हातात दिली. मी ती झटकली आणि डोक्यावर घातली.

तेवढ्यात थोरल्या भावाचा फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात गेलो. खिडकीच्या आत शैलाची खाट होती. काका माझ्याजवळच उभे होते. ब्रेक लागून वाळूत घासत गेलेल्या चाकांच्या खुणा त्यांनी पाहिल्या होत्या. भाऊ ओरडला, "तू हुतास ना रं गाडीवर? मंग आसं कसं झालं?" तू होतास ना – हेच ते शब्द. त्यात ओरडा होता, पण विश्वासही होता. दोन ट्रॉल्या रिव्हर्स घेणारा माणूस, त्याच्या हातून कसं होईल? मला पार दिसला. पारावरचे हसणारे दिसले. आणि मी म्हणालो –

हे सांगताना अजूनही अडखळतो –

मी म्हणालो, "शैला घाबरली. तिने मधेच स्टिअरिंग ओढलं."

पडलो तरी नाक वर, म्हणतात ते हेच. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून आत पाहिलं. आणि चालू लागले. त्यांनी तरी काय बोलायचं? बायकोवर खोटाच दोष ढकलणाऱ्या नवऱ्याशी माणूस काय बोलणार?

मी आत गेलो तर शैलाचे डोळे उघडे होते. तिने फोन ऐकला होता. झेंड्यापर्यंतचं तिला सगळं आठवत होतं, पुढचं काहीच नाही. तिने विचारलं, "अहो, मी ओढलं स्टिअरिंग?"

तेव्हा अजून वेळ होती. भावाला जे बोललो ते घाबरून बोललो, असं एक वेळ म्हणता आलं असतं. पण ती माझ्याकडे बघत होती, मी शुद्धीवर होतो, घाईगर्दी काही नव्हती. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणालो, "असू दे. घाबरलीस. झालं ते झालं."

मी तिला क्षमा केली! कळतंय तुम्हाला? खोटं बोललो, हा माझा अर्धाच गुन्हा. तिने न केलेल्या चुकीची मी तिला क्षमा केली, आणि त्या क्षमेवर आठ वर्षं मोठा होऊन बसलो. सासूबाई म्हणाल्या, दुसरा असता तर जन्मभर ऐकवलं असतं, जावई सोन्यासारखा. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा. मी मान खाली घालायचो. लोकांना तो माझा नम्रपणा वाटायचा.

रूथचा कोपर पुढे सरळ झालाच नाही. दोन ऑपरेशनं झाली. वर्गात ती हात वर करायची तो अर्धाच वर जायचा. बाईंना वाटायचं, हिला उत्तर नक्की येत नाही, आणि त्या दुसऱ्याला विचारायच्या. हे रूथने घरी हसत सांगितलं. शैला उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

शैलाने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली ती कायमची. माझी निळी टोपी तिने स्वतः धुतली आणि शेजारच्या खिळ्याला टांगली. पुढे तिला मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती – नेवाशाच्या पलीकडे, घोडेगावच्या बाजूला. गाडीशिवाय तिथे रोजचं जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. तिने नकार लिहून दिला. ते पत्र मीच शाळेत पोचवलं, ट्रॅक्टरवरून.

रविवारी उपासनेत सगळ्यांनी मिळून पापांची कबुली म्हणायची असते. शैला माझ्या शेजारी उभी असते. एका ठिकाणी तिचा आवाज फुटतो. दर रविवारी, त्याच ठिकाणी. ती कशासाठी रडते ते देवाला माहीत आणि मला माहीत. मीही तेच शब्द म्हणतो, मोठ्याने, खणखणीत. माझा आवाज चांगला आहे, असं सगळे म्हणतात.

गेल्या महिन्यात रूथने लायसन्स काढलं. वाकड्या कोपराने ती छान चालवते, आईसारखी. परवाच्या रविवारी पहिल्यांदा ती आम्हाला चर्चला घेऊन निघाली. मी पुढे बसलो. शैला दाराशीच घुटमळली, मग मागे बसली आणि हात मांडीखाली घेतले. म्हणाली, "रूथ, एक लक्षात ठेव बाळा. कुणी गाडी चालवत असलं तर मध्ये हात घालायचा नाही. मी घातला होता. त्याचं काय झालं ते तुझ्या अंगावर आहे."

रूथने किल्ली फिरवली नाही. ती मागे वळली. तिचेही डोळे भरले होते. "आई, मी तुला कधीच माफ केलंय गं. आता तरी ते हात बाहेर काढ."

गाडी अंगणात उभी होती. काचा वर होत्या. आम्ही तिघंच. माझ्या घशापर्यंत आलं होतं – एवढंच म्हणायचं होतं, माझा पाय होता. तीन शब्द. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चला, घंटा झाली असेल."

रूथने गाडी सुरू केली. शैलाने हात बाहेर काढले नाहीत. मी आरशात पाहिलं, आणि मग पाहिलं नाही.

ती टोपी अजून त्याच खिळ्याला आहे. दर उन्हाळ्यात शैला ती धुते, वाळवते आणि परत टांगते. त्या दिवशी तिने स्टिअरिंगला बोटही लावलं नव्हतं. बगी उलटली तेव्हा तिचे दोन्ही हात माझ्या टोपीवर होते – उडू नये म्हणून, मीच सांगितलं होतं म्हणून.