पेंटरकाकांनी न वाचलेली पाटी

पेंटरकाकांनी आयुष्यात हजारभर पाट्या रंगवल्या आणि त्यांतली एकही वाचली नाही. वेलांटी कुठे वळवायची, दोन शब्दांत बोटभर जागा कशी सोडायची, यात जीव गुंतला की दुकान चपलांचं आहे की चष्म्यांचं, हेही त्यांच्या ध्यानात राहत नसे. "घराला आग लागली असं रंगवायला सांगितलं, तरी हे आधी रंग कालवतील," असं काकू म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

काकूंना मूत्रपिंडाचं दुखणं. दर तीन महिन्यांनी जवळच्या दवाखान्यात रक्त तपासायचं, त्यावर औषध ठरायचं. दोन वर्षं काका निमूटपणे पैसे भरत आले. छापील फलक आल्यापासून ब्रशला काम उरलं नव्हतं. त्या सकाळी चपला घालता घालता काकू सहज म्हणाल्या, "ही शेवटची तपासणी. आता मला बरं वाटतंय."

बरंबिरं काही वाटत नव्हतं. पायांवरची सूज काकांना दिसत होती. पण पाकीट रिकामं असलं की नवऱ्याच्या तोंडाला कुलूप बसतं. ते मनातून खचले.

दवाखान्यात बाकावर एकच जागा होती, तिथे काकू बसल्या. काका कपाटाला टेकायला गेले, तर कपाटामागून पत्र्याची कड डोकावत होती. निळी किनार, आत केसाएवढी पांढरी रेघ. अशी दुहेरी किनार दुसरा कोण ओढणार?

"अगं, ही माझी पाटी," म्हणत त्यांनी ती ओढून काढली आणि बाहीने धूळ पुसली. "हा क्ष बघ, कसा ठाण मांडून बसलाय."

"क्ष राहू द्या. लिहिलंय काय?" काकूंचा चष्मा घरी राहिला होता.

तेव्हा कुठे काकांनी आपली पाटी वाचली, तीही मोठ्याने. "साठीपुढील रेशनकार्डधारकांना रक्तातील साखर, मूत्रपिंड व क्ष-किरण तपासणी मोफत. खर्च शासन देते. कोणी पैसे मागितल्यास खालील नंबरवर कळवावे."

काखेत कळसा नि गावाला वळसा. काकांना राग आला, डॉक्टरांचा आला त्याहून जास्त स्वतःचा.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "काका, जुनी पाटी आहे ती. ठेवून द्या."

"जुनी कशी? रंगसुद्धा उडालेला नाही."

"नियम बदलत असतात हो."

"मग बदलल्याचं लिहून द्या. नाहीतर या नंबरवर विचारतो. आकडे माझ्याच हातचे आहेत, चुकायचे नाहीत."

बाकावरच्या एका आजोबांनी खिशातून रेशनकार्ड काढलं. मग शेजारच्या मावशींनी आणि काकूंनीही कार्डासाठी पिशव्या उपसल्या. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "कार्डवाल्यांचे घेऊ नका," असं सिस्टरला पुटपुटून ते आत गेले. त्या दिवशी काकूंचं रक्त फुकट तपासलं गेलं. तरी काकांनी फोन केलाच. माणूस एकदा उजेडात आला म्हणजे सुधारला, असं मानण्याइतके ते भोळे नव्हते.

पंधरा दिवसांनी अधिकारी आले, पावत्या मागवल्या आणि सगळ्यांचे पैसे परत करायला लावले. पाटी पुन्हा लावायची ठरली, तेव्हा काका म्हणाले, "पाटी नको, भिंतीवर लिहितो. भिंत कपाटामागे सरकवता येत नाही."

काका शिडीवर चढले. या वेळी एकेक शब्द रंगवून झाला की ते रांगेला वाचून दाखवत. शेवटी, मुद्दाम मागे ठेवलेल्या 'मोफत'चा फक्त 'त' राहिला होता. तेवढ्यात रिपोर्ट दाखवून काकू बाहेर आल्या.

"अहो, औषध बदललंय," त्या खालून म्हणाल्या. "पुढच्या तपासणीची तारीखही घेतली. तीन महिन्यांनी."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काका ब्रश अक्षरावर टेकवून दुसरीकडे, काकूंकडे बघत राहिले. 'त'च्या दांडीवरून रंगाचा एक थेंब खाली ओघळला. काकांनी तो पुसला नाही.