डिस्क म्हणजे कुठली

टायपिंगवाल्या बाईंनी पस्तीस वर्षं लोकांचं टाइप करून दिलं. करारनामे, प्रबंध, एका दंतवैद्याच्या कविता. बोटं इतकी पक्की, की नवरा म्हणायचा, "हिला झोपेत मजकूर सांगा, सकाळी छापून मिळेल."

गेली चार वर्षं त्या मंगळवारी आणि शुक्रवारी जुळारीकाकांकडे जात होत्या. काकांनी उभा जन्म एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवला होता. आता दृष्टी गेलेली. ते आपली हकिगत तोंडी सांगत, बाई टाइप करून घेत. दोनशे बारा पानं झाली होती आणि शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. सगळी पानं बाईंच्या लॅपटॉपमध्ये होती, आणखी कुठेही नव्हती. काका चौऱ्याऐंशीचे. "घाई करा बाई, माझी दुसरी आवृत्ती निघणार नाही," म्हणायचे.

पण लॅपटॉप म्हातारा झाला होता. चालू करून चहा टाकावा, पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. परगावी नोकरी करणारी मुलगी म्हणाली, "आई, नवा घेऊ नकोस. यातलं विंडोज काढून लिनक्स टाकू. फुकट आहे, पळायला लागेल बघ." मागच्या खेपेला येऊन तिने पेन ड्राइव्ह तयारही करून ठेवला होता. रविवारी सकाळी फोनवरून काम सुरू झालं.

"बॅकअप घेतलास ना?"

"घेतला गं." त्यांनी डेस्कटॉपवर 'बॅकअप' नावाचं फोल्डर करून सगळं त्यात दुसऱ्यांदा ठेवलं होतं. कपाटाची जादा किल्ली कपाटातच ठेवावी, तसं.

"आता बंद करून चालू कर आणि लगेच एफ टू दाबत राहा. काय आलं?"

"आपलं नेहमीचंच. डोंगराचं चित्र."

"उशीर केलास. परत."

तिसऱ्या खेपेला निळं पान आलं. मुलीने त्यातलं 'सिक्युअर बूट' बंद करायला सांगितलं.

"सिक्युअर म्हणजे सुरक्षित ना? मग ते बंद कशाला करायचं?"

पेपरमागून नवरा म्हणाला, "कडी काढल्याशिवाय पाहुणा आत येणार कसा?"

"बाबा, तुम्ही गप्प बसा," फोनमधून आवाज आला. पेन ड्राइव्हवरचा पाहुणा आत आला. तेवढ्यात मुलीला ऑफिसमधून दुसरा फोन आला. "दहा मिनिटं थांब. कशाला हात लावू नकोस."

बाई थांबल्या. दहाची पंचवीस मिनिटं झाली. पडद्यावर प्रश्न तसाच उभा होता: डिस्क पुसून इन्स्टॉल करायचं का?

बाई कॉम्प्युटर शिकल्या त्या फ्लॉपीच्या काळात. डिस्क म्हणजे बाहेरून खाचेत घालतात ती. उरलेलं ते मशीन. आज बाहेरून घातलेला होता तो पेन ड्राइव्ह. तो पुसला तर बिघडतंय काय, पोरीला कोरा करून परत देता येईल. त्यांनी 'हो' केलं. नक्की ना, असं पडद्याने विचारलं. नक्की, म्हणाल्या.

मुलगी परत फोनवर आली तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि लॅपटॉप सुरूच होत नव्हता. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: बूट करण्याजोगं काही सापडत नाही.

"आई, थांब म्हटलं होतं ना! बरं, बॅकअप आहे म्हणून ठीक आहे."

"आहे, आहे."

मग दीड तास एफ टू, एफ बारा, हे आधी कर, ते नंतर कर. बाईंचा अंगठा दुखायला लागला. "'लेगसी' लिहिलंय का कुठे? त्याच्या जागी दुसरा पर्याय निवड. साठव. बाहेर ये." पडदा काळा झाला, काळाच राहिला, आणि एकदम एक स्वच्छ, रिकामं, हिरवं पान उघडलं. नवऱ्याने टाळी वाजवली. मुलगी तिकडून ओरडली, "जमलं!"

"जमलं गं," बाई म्हणाल्या. "पण माझं बॅकअपचं फोल्डर कुठे गेलं?"

"कुठे ठेवलं होतंस?"

"इथेच की. डेस्कटॉपवर."

"आई, तू डिस्क पुसलीस."

"डिस्क पुसली. लॅपटॉप कुठे पुसला?"

दुरुस्तीवाल्याने तीन दिवस ठेवून घेतला. परत देताना म्हणाला, "पाटी पुसून वर नवं लिहिलंय बाई. खालचं मी कसं वाचू?" हाती लागलं ते एक पान, तेही अक्षरांऐवजी चौकटी-चौकटींनी भरलेलं. मुलगी फोनवर रडली, मी तेव्हा फोन घ्यायलाच नको होता म्हणाली. बाईंनी तिची समजूत काढली. बाईंची समजूत नवरा काढायला लागला तेव्हा मात्र त्यांनी त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

मंगळवार तब्येतीच्या नावावर टाळला. शुक्रवारी जिने चढताना त्यांनी वाक्य जुळवलं: काका, माझ्या हातून एक चूक झाली.

काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. "या. आज शेवटचं प्रकरण. आधी मागचा मजकूर वाचा म्हणजे मला धागा सापडेल."

बाईंनी लॅपटॉप उघडला. तो टिंग करून क्षणात सुरू झाला.

"अरे, हा तर पळायला लागला!" काका खूष झाले.

जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. बाई वाचल्यासारखं आठवून बोलू लागल्या. "छापखान्याला टाळं लागलं त्या दिवशी मालक कुणाशीच बोलले नाहीत. आम्ही आपापल्या खिळ्यांच्या पेट्यांसमोर उभे होतो..." काकांची बोटं टेबलावर अक्षर-अक्षर वेचल्यासारखी हलत होती. मग थांबली.

"वाक्य चांगलं आहे बाई. पण ते मी सांगितलेलं नाही. नीट वाचा."

बाईंनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी मालक बोलले.

"कुठलं पान उघडलंय तुम्ही?"

"कोरं."

"मग मागे जा की," काका हसून म्हणाले.

"मागे काही नाही, काका."

"असं कसं? दोनशे बारा पानं आहेत," काका म्हणाले आणि ऐकायला मान कलती करून बसले.